भावाच्या पोटातलं

गिरिजा अथणीकरच्या नाकाला सांगली-मिरजेतले हलवाई टरकून असत. अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून तिची उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या भटारखान्यांत गेली होती. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवलंय की काय, हे तिला दारातच कळायचं. पातेल्यावरचं झाकण उचलायच्या आधीच आतल्या खव्याचा शिळेपणा तिच्या घशाशी यायचा. लोक शिसारी लपवतात, ती तिच्यावर पगार मिळवत होती. बाहेर ती पाण्याचा घोटही घेत नसे. लग्नाकार्याला गेली तरी पर्समधला डबा काढून एखाद्या कोपऱ्यात बसायची आणि तिचा नवरा शशिकांत पंगतीत बसून तिच्या वाटचंही जेवायचा.

त्या दिवशी एका मिठाईच्या कारखान्यात तिनं श्रीखंडाचे ट्रे पाहिले, मान हलवली आणि पुढे निघाली. हाताखालच्या निरीक्षक मुलीनं हलकेच तिचा दंड धरला.

"मॅडम, तो खालचा ट्रे."

"काय झालं त्याला?"

"बुरशी आहे त्यावर. काळी."

गिरिजाला ट्रे पांढराशुभ्र दिसत होता. ती वाकली, आणखी वाकली आणि नाकाच्या शेंड्याला काहीतरी केसाळ, ओलसर लागलं तेव्हाच तिला कळलं. बाहेर येऊन तिनं गटारापाशी भडाभडा ओकून टाकलं. नाक पुसता पुसता तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कितीतरी महिने ती हे लपवत होती. माणसांच्या चेहऱ्यांच्या मधोमध एक करडा डाग दिसायचा, अक्षरं वाकडी व्हायची. मधुमेह तिला पंचेचाळिशीत झाला होता. खाण्यापिण्यात तिच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं, तरी इन्सुलिनचा डोस वाढतच चालला होता आणि साखर उतरत नव्हती.

मिरजेच्या डॉक्टर नसीमा मुजावरांनी सगळे अहवाल पाहिले आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुमचा आजार साखरेपासून सुरू झालेला नाही, गिरिजाताई. तो पोटातून सुरू झालाय."

त्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं त्या काळात नवं राहिलं नव्हतं. जठरात राहणारा एक मळसूत्री जंतू पूर्वीपासून माहीत होता. आम्लात दुसरं काही तग धरत नाही, पण हा स्वतःभोवती अमोनियाचं कवच तयार करतो, बुळबुळीत अस्तरात तोंड खुपसतो आणि जन्मभर तिथं राहतो. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो. आईनं चावून भरवलेला घास, एकाच पेल्यातलं पाणी, भावंडांची उष्टी-खरकटी. जगातल्या निम्म्या माणसांच्या पोटात तो असतो आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही लागत नाही. नवं कळलं होतं ते हे, की या जंतूच्या जाती निरनिराळ्या असतात. काही सौम्य असतात, काही जहाल. जहाल जात अस्तराला सतत डिवचत राहते. त्या धुमसत्या दाहातून रक्तात जे निरोप सुटतात, ते शरीराला इन्सुलिनच्या बाबतीत बहिरं करतात. मग इन्सुलिन कितीही ओता, दार ठोठावून माणूस थकावा तशी गत होते. पोटातला दाह विझला तर शरीराला पुन्हा ऐकू येऊ लागतं.

"मग मारा त्या जंतूंना," गिरिजा म्हणाली.

"मारता आले असते, पंचवीस वर्षांपूर्वी. आपण सर्दीला अँटिबायोटिक घेतली, कोंबड्यांना घातली. आता हे कशालाच दाद देत नाहीत. थोडे दबतात, पुन्हा उठतात. एकच उपाय उरलाय. त्यांच्या जागी त्यांचेच सौम्य भाऊबंद नेऊन बसवायचे. ते जागा अडवतात आणि जहाल जात उपाशी मरते."

"गोळीतून?"

"नाही. प्रयोगशाळेत वाढवले की काही पिढ्यांत त्यांची पकड जाते. वाळवले तर मरतात. ताजे लागतात. एका माणसाच्या जठरातला बुळबुळीत थर आम्ही गार पाण्यानं धुऊन काढतो, तपासतो आणि तासाभरात दुसऱ्याला देतो. चहाच्या कपाएवढं होतं."

गिरिजाच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"आणि ते कुणाचंही चालत नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "हे जंतू एकेका घराच्या अस्तराला सरावलेले असतात. तुमच्या आईकडून आलेली जात लागेल. तुम्हालाही ती मिळाली असणार, पण कॉलेजात पित्तावर औषधं घेतलीत, त्यात ती गेली. ही जहाल जात नंतर कुठून तरी आली. आई आहेत का?"

"नाही."

"भावंडं?"

"एक भाऊ आहे," गिरिजा म्हणाली. "जतला असतो. त्याच्या घरचं मी पाणीही पीत नाही."

ते खरंच होतं आणि सगळ्या भाऊबंदांना ते ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी आई या भावाकडे, मल्लिकार्जुनकडे, अंथरुणाला खिळली होती. गिरिजा त्याला अण्णा म्हणायची. 'आईचं व्यवस्थित चाललंय,' असं तो फोनवर सांगायचा. एक दिवस काही न कळवता ती जतला गेली. अंगणातच तिला वास आला. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. आत आई कुशीवर पडली होती, अंगाखालची गादी कुजून काळी झाली होती. पाठीवरची जखम गिरिजानं उघडून पाहिली तेव्हा तिच्यात अळ्या वळवळत होत्या. आई शुद्धीवर होती. ती म्हणाली, "माझ्या जवळ येऊ नको, बाळ. वास येतोय." आणि बाहेरच्या खोलीत, मध्ये एक भिंत ठेवून, अण्णा जेवत होता. वांग्याची भाजी होती. बोटं चाटून तो म्हणाला, "आलीस? बस की. वाढू का?"

आई आठवड्याच्या आत गेली. मातीला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांपुढे गिरिजानं जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर लोकांनी अण्णाकडे येणं-जाणं कमी केलं. त्याच्या पाइप-मोटारीच्या दुकानात भाऊबंद गिऱ्हाईक म्हणूनही यायचे बंद झाले.

आता त्याच माणसाच्या पोटातलं तिला प्यायचं होतं.

"नाक दाबून काम उरकायचं," शशिकांत म्हणाला. "डोळे परत कुणी देत नाही."

"नाक दाबून आत गेलेलं आतच राहतं. जन्मभर. तो माझ्यात राहणार, कळतंय का तुम्हाला?"

शशिकांत वर्तमानपत्र उचलून तिला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. हल्ली रोजच दाखवायचा.

शेवटी तिनं विचारलं तसं अण्णानं फोनवर लगेच हो म्हटलं. मिरजेला जाऊन तपासणी करून आला. जुळलं. मग निरोप पाठवला की आधी एकदा घरी ये, बोलायचंय.

जतच्या त्या घराला नवा रंग दिला होता. गिरिजा ओट्यावरच बसली, आत गेली नाही. अण्णाचं पोट सुटलं होतं, गाल चकचकीत झाले होते. साठीच्या उंबरठ्यावर त्याला ना साखर होती ना रक्तदाब.

"तुला पाहिजे ते देतो," तो म्हणाला. "पैसा नको, काही नको. आपल्या शांभवीचं जमतंय तासगावला. माणसं चांगली आहेत. पण त्यांच्या कानावर गेलंय ते. मुलाची आई सरोजिनीबाई, फार चौकस बाई आहे. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. तू यायचंस आणि पंगतीत माझ्या शेजारी बसून जेवायचंस."

"बस्स?"

"बस्स. तोंडानं काही बोलू नको. तू माझ्या घरचं पाणी पीत नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू जेवलीस की लोक काय समजायचं ते समजतील."

गिरिजाला समजलं. तिनं घास गिळायचा आणि त्या घासासरशी आईची पाठही गिळून टाकायची.

"म्हणजे मी खोटं बोलले होते, असं लोकांना वाटायला पाहिजे."

"वाढवून बोललीस असं वाटलं तरी पुरे." त्यानं चेहऱ्यावरचा घाम पुसला. "गिरिजा, मला त्या खोलीत जाववत नव्हतं गं. दारातच पोटात ढवळायचं. तुला तर सगळ्याचीच किळस येते, तिला लोक स्वच्छता म्हणतात. मला एका खोलीची आली तर मी राक्षस झालो."

"तू जेवत होतास."

"भूक लागली होती."

ती उठली. आतल्या दारात शांभवी उभी होती. तिची भाची, आता तेवीस वर्षांची. ती काहीतरी बोलणार होती, पण वडिलांनी मागे वळून पाहिलं तशी ती आत गेली.

पुढच्या महिन्याभरात करडा डाग आणखी पसरला. एकदा चहा ओतताना गिरिजानं उकळतं पाणी कपाच्या बाहेर, स्वतःच्या पावलावर ओतलं आणि पावलाला ते कळलंसुद्धा नाही. फोड फुटून पू झाला, त्याचा गोडसर वास तिला स्वतःच्या अंगाला येऊ लागला. हा वास तिनं आयुष्यात एकदाच घेतला होता. त्या संध्याकाळी तिनं अण्णाला फोन करून साखरपुड्याची तारीख विचारली.

मंडपात खुर्ची-टेबलांची पंगत होती. लोक माना वळवून वळवून पाहत होते. तासगावच्या सरोजिनीबाई, शिडशिडीत, पांढऱ्या केसांच्या, समोरच्याच ओळीत बसल्या होत्या. गिरिजाच्या पानात खपली गव्हाची खीर वाढली गेली. त्या दिवशी आधीच टोचून घेतलेलं जादा इन्सुलिन तिच्या मांडीत ठणकत होतं. ती चमचा उचलणार तोच अण्णानं आपल्या पानातली खीर बोटांनी घेतली आणि हसत हसत तिच्या तोंडासमोर धरली.

"बहिणीला भावानं एक घास भरवायचा असतो."

फोटोवाला पुढे आला. अण्णाच्या अंगठ्याच्या नखात हळद बसली होती, खिरीचा ओघळ मनगटाकडे चालला होता. गिरिजानं तोंड उघडलं. त्याची बोटं तिच्या ओठांना, दातांना लागली, कोमट, चिकट. जिभेवर गूळ आणि त्याच्या कातडीचं मीठ. तिनं गिळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर सरोजिनीबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि शेजारच्या बाईकडे पाहून समाधानानं मान डोलावली. शांभवी त्या वेळी पाटावर बसली होती. तिनं नजर वळवली.

आठवड्याभरानं मिरजेला दोघांना समोरासमोरच्या खाटांवर घेतलं. अण्णाच्या घशातून नळी गेली. तो डोळ्यांतून पाणी काढत, गुरगुरत पडून राहिला आणि नळीतून थोडं थोडं येत राहिलं. करडं, दाट, तारा सुटणारं. कसल्याशा आंबट, शिळ्या पेजेसारखा वास खोलीभर झाला.

"तुम्हाला गुंगी देता येणार नाही," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "उलटी आली तर श्वासनळीत जाईल. आणि उलटी थांबवायची औषधं पोट लवकर रिकामं करतात, मग जंतूंना अस्तर धरायला सवड मिळत नाही. तासभर आत राहायला हवं. तेवढं तुम्हालाच करायचंय."

गिरिजानं कप घेतला, श्वास रोखला आणि एका दमात प्यायली. घशातून खाली उतरताना ते जणू उलट चढायला पाहत होतं. तिनं पलंगाची कड धरली. पोटानं एक उसळी घेतली, दुसरी घेतली आणि सगळं बाहेर आलं. चादरीवर, झग्यावर, जमिनीवर.

सिस्टर बाहेर गेलेली होती. गिरिजाला समोर नुसता एक धूसर आकार हलताना दिसला. तो उठला, फडकं घेऊन तिच्या खाटेशी गुडघ्यांवर बसला आणि पुसू लागला. नंतर त्यानं फडकं टाकून दिलं आणि तिच्या हनुवटीवरचं, गळ्यावरचं नुसत्या तळहातानं निपटून काढलं, बेसिनपाशी हात धुतला, परत आला.

"किळस नाही येत तुला?" तिनं विचारलं.

"आपल्या माणसाची कसली किळस," अण्णा म्हणाला.

तो हे अगदी साधेपणानं बोलला. त्याला बहुधा बरं वाटावं असंच काहीतरी म्हणायचं होतं. पण गिरिजा ताठ झाली. म्हणजे याला येतं. हात घालता येतो, पुसता येतं, बोटांनी निपटता येतं. जतच्या ओट्यावर त्यानं सांगितलेलं पोटातलं ढवळणं तिनं कुठंतरी अर्धंमुर्धं खरं मानलं होतं. आता ते आधाराचं टोकही सुटलं. कदाचित तो सहा वर्षांत बदलला असेल. कदाचित आईची खोली म्हणजे त्याला फक्त एक कटकट वाटली असेल. यातलं कुठलं खरं, हे त्याच्या पोटातलं सगळं उपसून काढलं तरी कळलं नसतं.

अण्णानं पुन्हा नळी घालून घेतली, तक्रार न करता. दुसरा कप समोर आला तेव्हा गिरिजाला मळमळ झाली नाही. तिला इतका राग आला होता की पोटानं उसळी घेतली तेव्हा तिनं दात घट्ट मिटले आणि ते सगळं आत दाबून धरलं. तास उलटला.

पहिल्या महिन्यात फारसा फरक पडला नाही. मग सकाळची साखर उतरू लागली. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, आणखी कमी केलं आणि एक दिवस बंदच केलं. गेलेली नजर सगळी परत येणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पण डोळ्याच्या पडद्यावरची सूज ओसरली तसा करडा डाग आक्रसत गेला. शशिकांतच्या भुवईवरचा तीळ तिला दिसला. पावलाची जखम भरली. भूक तर अशी लागायची की तिलाच ओशाळं व्हायचं. जेवताना मध्येच थांबून ती पोटावर हात ठेवायची. आतल्या त्या असंख्य मळसूत्री जिवांनी आता तिचं अस्तर घट्ट धरलं होतं. ते अण्णाचे होते. त्याच्या आधी ते आईचे होते, हे डॉक्टरांनी समजावलं होतं, पण आईची आठवण करून पाहिली तरी तिला फक्त ती खिरीची बोटं आठवायची.

ती कामावर परत रुजू झाली त्याच आठवड्यात शांभवी सांगलीला आली. एकटी. चप्पल काढून समोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं इकडचं तिकडचं काही बोललं नाही.

"आत्ती, त्या दिवशी तुम्ही का जेवलात?"

गिरिजानं तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या खालच्या पापण्या सुजलेल्या होत्या.

"तुझ्या पप्पांची अट होती. जेवले तर ते देणार होते."

"काय देणार होते?"

"पोटातलं. माझ्या उपचाराला. त्यांचं एकट्याचंच जुळत होतं."

शांभवीच्या कपाळावर आठी उमटली. "एकट्याचं कसं? माझंही जुळलं होतं की."

गिरिजा खुर्चीत पुढे सरकली.

"डॉक्टरांनी पप्पांना विचारलं होतं, घरात आणखी कोण आजीच्या हातचं खाऊन वाढलंय म्हणून," शांभवी सांगू लागली. "मला आजीच भरवायची, स्वतःच्या ताटातलं. पप्पांनी मलाही नेलं तपासायला. अहवाल ज्याचा त्यालाच देतात, पण माझा नंबर म्हणून त्यांनी स्वतःचाच दिला होता, तो त्यांच्या मोबाईलवर आला. जुळलं होतं. मी म्हणाले, मी देते आत्तीला. तर म्हणाले, तिला तुझं नको आहे. लहान पोरीकडून घेणार नाही म्हणाली."

"मला कुणी काही विचारलंच नाही," गिरिजा म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मीही विचारलं नाही. त्या घरात तू आहेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मी होते ना. तेव्हाही होते." शांभवीचा आवाज खाली गेला. "सतरा वर्षांची होते. शाळेतून आले की श्वास रोखून आत जायचे, आजीला पाणी पाजायचे, पळत बाहेर यायचे. पप्पा म्हणायचे, कुणाला सांगितलंस तर बघ. मग तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर बोललात. मला वाटलं, चला, कुणीतरी मोठं माणूस बोललं. आणि त्या दिवशी तुम्ही त्यांच्या हातचा घास खाल्लात. मी पाटावर बसून बघत होते, आणि मला ओकारी आली."

गिरिजानं ऐकून घेतलं.

"लग्न मोडायचंय का तुला?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही. पण त्या घरात हे खोटं घेऊन जायचं नाही मला. आज तासगावला जायचंय. बोलेन मी. तुम्ही फक्त सोबत या आणि त्यांनी विचारलं तर हो म्हणा."

तासगावच्या घरी सरोजिनीबाईंनी दोघींना आत बसवलं. शांभवीनं सांगायला सुरुवात केली. वास, गादी, अळ्या, पाणी. एकदाही अडखळली नाही. मध्ये एकदा तिनं जखम डाव्या बाजूला होती असं म्हटलं, तेव्हा गिरिजा म्हणाली, "मधोमध होती. माकडहाडावर." शांभवीनं मान हलवली आणि पुढे सांगत राहिली.

सगळं सांगून झाल्यावर सरोजिनीबाई उठल्या, तिच्या शेजारी येऊन बसल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लग्न ठरल्याप्रमाणे होईल. तुझ्या वडिलांना मात्र मी या घरात पाय ठेवू देणार नाही. चालेल?"

"चालेल," शांभवी म्हणाली.

मग त्या गिरिजाकडे वळल्या.

"हे सगळं खरं?"

"हो."

"आणि तुम्हाला हे ठाऊक असताना, माझ्यासमोर, त्या माणसाच्या हातून खीर खाल्लीत?"

"हो."

"का?"

"मला डोळे हवे होते," गिरिजा म्हणाली.

सरोजिनीबाईंचं नाक किंचित आक्रसलं, वरचा ओठ दातांवरून जरासा वर गेला आणि त्यांनी हातातला पदर स्वतःकडे ओढून घेतला, गिरिजाच्या साडीला लागू नये म्हणून. मागच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, आणि त्या उजेडात गिरिजाला त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ स्वच्छ दिसत होती.